नवलाचे मासिक कोणाच्या खांद्यावर चालते?

कामगार संघटनेच्या माणसाने वेतनकरार, बोनस आणि कंत्राटी कामगार ह्यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते व ती रास्तही आहे. तरीही आज आम्ही ‘नवल’ नावाच्या एका मासिकाचा विषय घेतला आहे. भुताखेतांच्या, परग्रहांच्या आणि रहस्याच्या कथांचे हे मासिक. त्याचा आणि कामगाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. म्हणून तो संबंध आधी सांगतो.

‘रोबो’ हा शब्द आज चाकणपासून भोसरीपर्यंतच्या कारखान्यांत रोज उच्चारला जातो. हा शब्द कोणा इंजिनिअरने दिलेला नाही. कारेल चापेक ह्या चेक लेखकाने १९२० साली ‘आर. यू. आर.’ नावाचे नाटक लिहिले व १९२१ साली ते प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यातून हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, जमीनदाराकडे करावी लागणारी सक्तीची मजुरी. नाटकातले कृत्रिम मजूर आधी कारखान्यांत राबतात आणि मग बंड करतात. यंत्राने माणसाची जागा घेतली तर श्रमाचे आणि माणुसकीचे काय होणार, हा प्रश्न कल्पितकथेने शंभर वर्षांपूर्वी विचारला. आमच्या वाटाघाटींच्या टेबलावर तो पुष्कळ उशिरा आला. म्हणून असल्या वाङ्मयाला ‘वेळ घालवण्याचे साधन’ म्हणून बाजूला सारणे आम्हांस परवडणारे नाही.

आता आपल्या मराठीकडे वळू. जुल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी १९०० साली ‘केरळ कोकिळ’ ह्या मासिकातून मराठीत येऊ लागली. कृष्णाजी नारायण आठल्ये हे त्याचे संपादक. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या ‘मासिक मनोरंजना’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी नियतकालिकांना वर्षातून एकदा भरघोस पीक घेण्याची वाट सापडली. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. नांगर आणि चरक करणाऱ्या कारखान्याचे ते घरचे पत्र. १९२९ पासून ते ‘किर्लोस्कर’ ह्या नावाने साऱ्या महाराष्ट्राचे मासिक झाले. कारखाना आणि मासिक ह्यांची सोयरीक आपल्याकडे अशी जुनी आहे.

अनंत अंतरकर ह्यांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केले. त्यामागून ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही दोन भावंडे आली. ह्या तिघांची कामे त्यांनी वाटून दिली होती. ‘हंस’ने कथा-साहित्य सांभाळावे, ‘मोहिनी’ने विनोद सांभाळावा आणि ‘नवल’ने अद्भुत, गूढ, भय, साहस व विज्ञान ह्यांचा प्रांत पाहावा. ही वाटणी वाटते तितकी साधी नाही. त्या काळी प्रतिष्ठित मासिकांत भुताच्या किंवा अंतराळाच्या गोष्टीला सहसा मानाचे पान मिळत नसे, आणि स्वस्त रहस्यमालांत भाषेची फारशी पर्वा केली जात नसे. ह्या दोहोंमध्ये ‘नवल’ उभे राहिले. कल्पना कितीही अचाट असो, ती नीट मराठीत, नीट छापून आणि चांगल्या चित्रांसह वाचकाच्या हाती द्यायची, हा त्याचा बाणा. परभाषांतील उत्तम कथाही त्याने अनुवादांच्या रूपाने आणल्या.

अनंत अंतरकर १९६६ साली वारले. त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकर ह्यांनी विशी-पंचविशीच्या वयात हा भार उचलला आणि २०२१ साली त्यांचे निधन होईपर्यंत वाहिला. पुढे महिन्याचा अंक काढणे थांबले आणि दिवाळी अंक तेवढे राहिले. पण नाव पुसले गेले नाही. मोठा कारखाना मागे नसताना, एका घराने एवढा काळ तीन नियतकालिके चालवली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि फिरत्या वाचनालयात फार झाले. तेव्हा ह्या घराचे काही देणे आमच्या पिढीकडे निघते, असे आम्ही समजतो.

महिन्याचा अंक वर्षाचा का होतो? लोक म्हणतात, ‘वाचक उरला नाही.’ हे उत्तर अपुरे आहे. वेतनकरारात आम्ही ताळेबंद मागतो, तसा येथेही मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा, अंकाची किंमत १०० रुपये आहे. वितरक आणि विक्रेते ह्यांचा वाटा ४० रुपये धरला तर प्रकाशकाच्या हाती ६० येतात. लेखकांचे मानधन, चित्रे, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन ह्या पूर्वतयारीला ६०,००० रुपये लागतात. एक प्रत काढा की दहा हजार, हा खर्च तेवढाच. त्याखेरीज कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रत्येक प्रतीला ३५ रुपये पडतात. आता १,००० प्रती छापल्या तर एका प्रतीवर पूर्वतयारीचे ६० आणि छपाईचे ३५ असे ९५ रुपये बसतात. हाती येतात ६०. तोटा ३५,००० रुपये. ४,००० प्रती छापून सगळ्या खपल्या तर प्रतीचा खर्च ५० वर येतो आणि ४०,००० रुपये उरतात. पण त्यांतल्या १,००० प्रती न खपता परत आल्या, तर खर्च २,००,००० आणि जमा १,८०,०००. म्हणजे पुन्हा २०,००० रुपयांची खोट. छोट्या मासिकाचे मरण ह्या परत आलेल्या गठ्ठ्यांत असते.

ही खोट एरवी जाहिरातीने भरून निघते. परंतु साबणाचा किंवा साडीचा जाहिरातदार भुताच्या गोष्टीशेजारी बसायला सहसा खुशी नसतो. दिवाळीत मात्र तो हात सैल सोडतो. म्हणून नवलाचे मासिक हळूहळू दिवाळीच्या आश्रयाला जाते. रहस्य, गूढ आणि विज्ञान ह्यांसाठी ओळखला जाणारा ‘धनंजय’ हाही दिवाळी अंकच आहे.

दुसरीही एक वाट आहे. समजा, १,२०० वाचकांनी आगाऊ वर्गणी भरली. टपालाचे १० रुपये जाऊन प्रत्येकाचे ९० रुपये पूर्ण हाती येतात. खर्च ५० अधिक ३५, म्हणजे ८५. प्रतीमागे ५ रुपये उरतात आणि एकही गठ्ठा परत येत नाही. चार हजार अनिश्चित गिऱ्हाइकांपेक्षा बाराशे बांधील वाचक मासिकाला अधिक सुखरूप ठेवतात. संघटनेच्या माणसाला हे नवे नाही. सभेच्या गर्दीपेक्षा पावती फाडणारा सभासद मोलाचा, हे आम्ही रोज पाहतो.

परदेशांत हा प्रयोग झालेला आहे. इंग्लंडात ‘न्यू वर्ल्ड्स’ हे विज्ञानकथांचे मासिक १९४६ साली निघाले आणि तीन अंकांनंतर प्रकाशन संस्था बुडाल्याने थांबले. तेव्हा वाचक आणि लेखक एकत्र आले, त्यांनी आपसांत भांडवल जमवून नोव्हा पब्लिकेशन्स नावाची कंपनी काढली, आणि १९४९ साली जॉन कार्नेल ह्यांच्या संपादनाखाली मासिक पुन्हा उभे केले. १९८२ साली तेथेच आठ जणांच्या मंडळाने ‘इंटरझोन’ सुरू केले. ‘न्यू वर्ल्ड्स’चा मालक बुडाला तेव्हा वाचकांनी मालकी उचलली, हे आम्हांस विशेष वाटते.

आपल्या देशात बंगाली भाषेत अद्रीश बर्धन ह्यांनी जानेवारी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ काढले. भारतातील विज्ञानकथेला वाहिलेले पहिले मासिक म्हणून ते ओळखले जाते. बर्धन ‘आकाश सेन’ ह्या टोपणनावाने संपादन करीत. काही वर्षांनी ते बंद पडले. १९७५ साली त्यांनी ‘फँटास्टिक’ नावाने पुन्हा प्रयत्न केला. अंतरकरांचे पुणे आणि बर्धनांचे कलकत्ता ह्यांत साम्य हे की, दोन्हीकडे सारा भार एका घराच्या खांद्यावर होता. असा खांदा थकला किंवा घरात दुःख आले की मासिक डळमळते. ह्यात कोणाचा दोष नाही. पण रचनेतील ही कच्ची बाजू आपण ओळखली पाहिजे.

मासिकामुळे नवा लेखक कसा उभा राहतो, ह्याचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक असलेल्या माणसाचे आहे. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली तेव्हा कळले की, हे जयंत विष्णु नारळीकर! आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. पुढे मासिकांतून त्यांच्या कथा येत गेल्या आणि १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. एवढा मोठा शास्त्रज्ञसुद्धा कथालेखक म्हणून उमेदवारी करताना एका स्पर्धेच्या आणि मासिकाच्या दारातून आत आला. ज्याला नाव नाही, पदवी नाही, अशा तळवड्याच्या किंवा चिखलीच्या तरुणाला तर ते दार अधिकच हवे.

आणखी एका वर्गाचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. खिळे जुळवणारे कंपॉझिटर, उलटी अक्षरे सुलट वाचणारे मशीनवाले, फॉर्मांच्या घड्या घालणाऱ्या स्त्रिया ह्यांची नावे कोणत्याही अंकाच्या अनुक्रमणिकेत नाहीत. भुताच्या गोष्टीतले भूत लेखकाने निर्माण केले, पण ते कागदावर उतरवले शिशाच्या धुळीत बसलेल्या माणसांनी. ऑफसेट आणि संगणक आले तेव्हा ही कसबे निकालात निघाली. यंत्रमाणसांच्या कथा हातांनी जुळवणाऱ्यांवरच यंत्राची पाळी आली, ह्याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती.

आता आपल्या गावाचे. टाळगाव चिखली १९९७ साली महापालिकेत आली. तिची कुदळवाडी भंगाराच्या गोदामांसाठी सर्वत्र प्रसिद्ध होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेने तेथील बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. घरातला म्हातारा गेला की त्याची मासिके रद्दीच्या गाडीवर चढतात आणि अशाच गोदामांच्या वाटेने लगद्याला जातात. पुस्तकाला ग्रंथालयात जागा मिळते, मासिकाला मिळत नाही. त्यामुळे जी कथा पुढे संग्रहात आली नाही, ती त्या गठ्ठ्याबरोबर कायमची संपते. तुकोबांचे अभंग लोकांनी मुखोद्गत ठेवले म्हणून टिकले, असे मानणारा हा इंद्रायणीकाठ आहे. छापील शब्दाला तेवढेही भाग्य नसते. तो पाठ कोण करणार?

म्हणून श्रोत्यांस आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे. ज्यांच्या माळ्यावर ‘नवल’, ‘हंस’, ‘मोहिनी’ किंवा कोणतेही जुने मासिक असेल, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला विचारावे. वाचनालयांनी एक कपाट नियतकालिकांसाठी राखावे आणि वर्षवार यादी करावी. आणि प्रत्येक घराने एका तरी छोट्या मराठी नियतकालिकाची वर्गणी आगाऊ भरावी; दुकानात दिसले तर घेऊ, असे म्हणू नये. सभासद होण्याचा हा आमचा जुनाच आग्रह आहे, फक्त पावती ह्या वेळी वेगळ्या वहीतली आहे.