माहिती चौकट : आल्प्समधील स्की-भ्रमण आणि गिरिकुटी

स्की-भ्रमण : यांत्रिक पाळण्यांचे साहाय्य न घेता, स्वतःच्याच पायांच्या बळावर हिमाच्छादित पर्वत चढून जाणे आणि मग अस्पर्श हिमावरून घसरत उतरणे. चढताना स्कीच्या तळाला मोहेर वा नायलॉनची केसाळ पट्टी चिकटवितात, जिचे केस मागे घसरू देत नाहीत. बुटाची टाच मोकळी ठेवतात आणि उतरताना ती पुन्हा जखडतात.

कुटी : स्विस आल्पाइन क्लबची स्थापना १८६३ ची, पहिली कुटी त्याच वर्षी, ट्योडी शिखराच्या परिसरात. आज अशा कुट्या सुमारे दीडशे. जागा आगाऊ राखून ठेवणे, स्कीचे बूट दाराशी काढणे आणि पातळ झोपपिशवी सोबत नेणे हा सर्वत्र दंडक. हंगामात रखवालदार रात्रीचे भोजन व न्याहारी देतो; एरवी बहुतेक ठिकाणी केवळ हिवाळी खोली खुली असते.

प्रसिद्ध मार्ग : शामोनी ते झेरमाट. स्कीवरून प्रथम पार, १९११.

हिमस्खलन : धोक्याच्या पाच श्रेणी, युरोपात १९९३ पासून समान. तिसरी श्रेणी मधली म्हणून मध्यम समजू नये, हे विशेष ध्यानात ठेवावे. प्राणहानीच्या घटनांपैकी निम्म्याच्या आसपास तिच्यातच घडतात. ३० अंशांहून तीव्र उतार विशेष धोक्याचे. स्वित्झर्लंडचे अधिकृत हिमवृत्त दाव्होस येथील संस्था प्रसिद्ध करते.

प्रत्येकाजवळ, अपवाद न करता : ४५७ किलोहर्ट्‌झचे संकेतयंत्र, शोधकाठी, फावडे. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या काही मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून पहिले बचावपथक म्हणजे सोबतचे मित्रच.