‘बॉयकॉट’: बहिष्कार कोण कोणावर टाकतो?



बहिष्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाव येतं. किराणा बंद, गिरणी बंद, मजुरी बंद. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नावच ‘बहिष्कृत भारत’. हेच हत्यार पीडितांनी उचललं तर काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर एचबीओचा ‘बॉयकॉट’ (२००१) हा टीव्हीसाठी केलेला चित्रपट जरूर बघा. दिग्दर्शक क्लार्क जॉन्सन. मार्टिन ल्यूथर किंग झालाय जेफ्री राइट. पात्रं मध्येच कॅमेऱ्याशी बोलू लागतात, त्यामुळे माहितीपट बघतोय असंही वाटतं.

विषय आहे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराचा. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही आणि त्यांना अटक झाली. एवढं आपल्याला पाठ असतं. त्या रात्री काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या शिक्षिकेने रात्रभर सायक्लोस्टाईलवर हजारो पत्रकं काढली. त्यांच्या महिला संघटनेने बससेवेविरुद्ध बहिष्काराचा इशारा दीड वर्ष आधीच महापौरांना दिला होता. म्हणजे ठिणगी पडली तेव्हा सरपण रचलेलं होतं.

बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. म्हणूनच हा बहिष्कार कंपनीला झोंबला. पण लोकांनी कामावर जायचं कसं? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी दहा सेंटात नेलं. प्रशासनाने किमान भाड्याचा नियम काढून ते बंद पाडलं. मग खासगी गाड्या जमवल्या, थांबे ठरवले, चर्चमधून वर्गणी गोळा केली. बाकीचे पायी चालले. एक-दोन आठवडे नाही, ३८१ दिवस. मोर्चा काढणं आपल्यालाही जमतं. मोर्चानंतरच्या मंगळवारी कोण काय करणार, तिथे आपण अडतो. मला तरी हा चित्रपट त्या मंगळवाराचा वाटला.

किंमतही मोजावी लागली. पार्क्स यांची नोकरी गेली, किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली ८९ जणांवर आरोप ठेवले गेले.

चित्रपटाचा नायक किंगच आहे, आणि तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते हे तरुणांनी लक्षात घ्यावं. पण बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा खटला ना किंग यांच्या नावावर आहे, ना पार्क्स यांच्या. ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात वादी होत्या चार स्त्रिया: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विनने पार्क्स यांच्या नऊ महिने आधी जागा सोडायला नकार दिला होता. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.