गळ्यातले बुद्धचित्र

मंडळी, बीडहून धाराशिवकडे निघाले की वाटेत आपले चौसाळा लागते. इथल्या बाजारात माळा-मण्यांचे फडके पसरलेले असते, त्यावर एकदा नीट नजर टाका. काळी पोत असते, मुलांचे करगोटे असतात आणि त्यांच्या शेजारी भगवान बुद्धाचे किंवा बाबासाहेबांचे लॉकेट असते. आतले चित्र छापील आणि वर काच. पण बोटाच्या पेराएवढे चित्र हाताने रंगवून गळ्यात घालण्याची रीतही आहे. ती हिमालयाकडची. आज तिच्याविषयी थोडे बोलू.

गळ्यात प्रतिमा घालणे आपल्याला नवे नाही. खंडोबाचा, भवानीचा टाक देव्हाऱ्यात असतो, तसा काही जण गळ्यातही बांधत. दुसरेपणाची बायको मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घाली, हे म्हाताऱ्या बायांना विचारा. पण टाक हा ठोकून उठवलेला, चांदीचा किंवा तांब्याचा. रंगाशी त्याचा संबंध नाही.

थंडीत शहरातून स्वेटर विकायला बसणारे तिबेटी स्त्री-पुरुष आपण पाहतो. १९५९ नंतर हे लोक भारतात आले. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून त्यांची एक वसाहतही आहे. प्रवासाला निघताना गळ्यात धातूची डबी घालण्याची त्यांची जुनी चाल. तिला ते गाउ म्हणतात. डबीत मातीची छोटी मूर्ती, मंत्राचा कागद, कधी चिमुकले चित्र. समोर लहानशी खिडकी ठेवलेली, तीतून प्रतिमा दिसते. घरचा देवच बरोबर चालला म्हणा ना! बायकांच्या गाउवर पिरोजा आणि पोवळे जडवतात, म्हणजे तो दागिनाही झाला.

कापडावरच्या मोठ्या बौद्ध चित्राला थांका म्हणतात. आज काठमांडूच्या खोऱ्यात थांक्याच्या पद्धतीने लहान चित्रे काढून ती चांदीच्या चौकटीत, काचेखाली बसवतात. आता काम कसे चालते ते पाहा. सुती कापड चौकटीवर ताणायचे. खडूची किंवा पांढऱ्या मातीची पूड सरसात कालवून दोन्ही बाजूंना लावायची आणि वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने किंवा शंखाने घोटायची. सारवलेली भिंत घोटतात ना, तसेच. मग रेघा आखायच्या. बुद्धाचे रूप मनाला येईल तसे काढता येत नाही. अंगुळाचे माप ठरलेले असते. एका प्रचलित मापात उभ्या बुद्धाची उंची १२५ अंगुळे धरतात. चित्र रुपयाएवढे झाले तरी प्रमाण तेच. खरी कसोटी इथेच लागते. मोठ्या पटावर रेघ केसभर सरकली तर खपते, इथे केसभर म्हणजे आख्खा कान!

रंग दगडाचे. निळा राजवर्ताचा, तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा. राजवर्ताची निळाई अजिंठ्याच्या लेण्यांतही आहे आणि तो दगड अफगाणिस्तानातून येई. रंग सरसातच कालवतात. शेवटी सोन्याची रेघ आणि अगदी अखेरीस डोळे. पाठीमागे, मूर्तीचे कपाळ, कंठ आणि हृदय जिथे येते तिथे ॐ, आः, हूँ ही अक्षरे लिहितात.

एवढे बारीक काम त्यांना सुचले कुठून, असे कोणी विचारील. बिहार-बंगालमध्ये पाल राजांच्या काळी, सुमारे १००० ते १२०० च्या दरम्यान, ताडपत्रांच्या पोथ्यांत दोन-अडीच इंचांची बुद्धचित्रे काढीत. पान अरुंद, म्हणून चित्रही लहान. ती विद्या नेपाळ आणि तिबेटात गेली. म्हणजे मूळ आपल्याच देशातले.

आता एक अवघड प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पुढे खेडोपाडी दीक्षा घेतलेल्या घरांतले टाक देव्हाऱ्यातून निघाले. मग गळ्यात बुद्धाचे लॉकेट आले, तर तो ताईतच नव्हे का? वर्गात पोरगा हे विचारतो आणि गुरुजींना उत्तर द्यावे लागते. माझ्या मते सरळ सांगावे. तिबेटी माणूस गाउला संरक्षण मानतो, हे खरे. पण बाबासाहेबांनी मांडलेला बुद्ध वाट दाखवणारा आहे, मोक्ष वाटणारा नाही. त्या अर्थाने लॉकेट संकट टाळत नाही. घालणारा कोण, कुणाच्या वाटेचा, एवढे ते चारचौघांत सांगते. आणि ज्या गावात पाणवठा वेगळा होता, तिथे हे उघड्या गळ्यावर सांगायला छाती लागली. त्याला ताईत म्हणून उडवून लावणे मला पटत नाही.

हाताचे म्हणून छापील चित्र चढ्या भावाने गळ्यात मारणारे भेटतात, बरं का. भिंग घेऊन पाहा. छापील चित्र सारख्या ठिपक्यांचे दिसते. हाताच्या कामात रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि सोन्याची रेघ किंचित उठून दिसते. दुसरे म्हणजे सरसाचा रंग पाण्याने सुटतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातला घाम त्याला मानवायचा नाही. म्हणून काच आणि चौकट घट्ट बसलेली हवी, आणि अंघोळीला ते काढून ठेवावे.

गुरुजींना शाळेत करून पाहता येईल. जुन्या धोतराचा तुकडा ताणा, खडूची पूड डिंकात कालवून लावा, वाळल्यावर नदीतल्या गोट्याने घोटा. मग रुपयाचे नाणे ठेवून गोल आखा आणि मुलांना त्यात आठ पाकळ्यांचे कमळ काढायला सांगा. पाकळ्या सारख्या यायला किती तुकडे वाया जातात, ते मोजून ठेवा.