चमत्कारकथेतील तपशील

शुभवर्तमानांची रूपसमीक्षा (कथेचा साचा ओळखून त्यातील तपशिलांचे काम तपासण्याची पद्धत) पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आकाराला आली. मारबुर्गचे रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९२१ च्या ग्रंथात येशूच्या चमत्कारकथांत पुन्हापुन्हा येणारे घटक नोंदवले: आजाराची वर्षे, वैद्यांचे अपयश, लोकांचे आश्चर्य. व्रताच्या कहाणीतले आटपाट नगर कोणी नकाशात शोधत नाही, तसेच या घटकांचे. मार्कच्या शुभवर्तमानातील एका स्त्रीची १२ वर्षांची व्याधी प्रथम दुखण्याची चिवटता सांगते. (त्याच प्रसंगातील याईर नावाच्या माणसाची मुलगीही १२ वर्षांची आहे, ही जुळणी मात्र सहेतुक असू शकते.) तेव्हा प्रत्येक आकड्यात गूढ संकेत असतोच, असे नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील १५३ माशांवर तर्क पुष्कळ झाले, निर्णायक एकही नाही. साचा सापडला म्हणजे घटना खोटी ठरली, हाही गैरसमजच. खरी हकिकतही रूढ साच्यात सांगितली जाते.