मोटारीचा पाळीचा ताप

पाळीच्या तापानें पीडलेला मनुष्य ज्या दिवशीं वैद्याकडे जातो, त्या दिवशीं त्याचें अंग बहुधा थंड असतें. नाडी ठीक, जीभ स्वच्छ, डोळे निर्मळ. वैद्य म्हणतो, "यास कांहीं झालेलें दिसत नाहीं." रोगी घरीं येतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याच प्रहरीं त्यास पुन्हां हुडहुडी भरते. मग शेजारीपाजारी कुजबुजूं लागतात कीं, हें दुखणें नसून कामाची टाळाटाळ असावी. मोटारगाडीसही असाच एक पाळीचा ताप जडतो. त्याचीं चिन्हें, कारणें व निदान विद्यार्थ्यांस समजावून द्यावें, हा या लेखाचा हेतु आहे.

आमच्या शाळेची आठ आसनांची पेट्रोलची गाडी सर्वांच्या परिचयाची आहेच. गेल्या वर्षीं पावसाळ्यांत सहा विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पांचगणीस निघालों होतों. वाई मागें टाकून पसरणीच्या घाटास लागलों, तोंच एका वळणावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीची ओढ एकाएकीं नाहींशी झाली. पेडल तळापर्यंत दाबलें तरी गाडी बैलगाडीच्या चालीनें सरकूं लागली. मुलें ज्यांस 'मामा' म्हणतात त्या आमच्या चालकांनीं गाडी कडेस घेतली, इंजिन बंद केलें, थोडा वेळ थांबून पुन्हां सुरू केलें. दिवा नाहीं, तक्रार नाहीं. गाडी निमूटपणें घाट चढून गेली. परत आल्यावर तिला कारखान्यांत दाखविली. उत्तर आलें, "दोष सांपडला नाहीं."

पुढील दोन महिन्यांत हाच प्रकार पुनःपुन्हां घडला. तिसऱ्या खेपेस कारखान्यांतून सूचना आली कीं, चालविण्यांत कांहीं चूक असावी. मी मामांस म्हणालों, "पाय जरा हलका ठेवीत जा." ते इतकेंच म्हणाले, "सर, पाय हलकाच आहे. गाडीच ऐकत नाहीं." त्यांच्या बोलण्यावर मीं तेव्हां विश्वास ठेवला नाहीं, हें येथेंच कबूल करतों.

आतां प्रथम यंत्राची रचना पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर एक गोल झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. झडप जितकी उघडी, तितकी हवा अधिक. हवा जितकी अधिक, तितकें पेट्रोल अधिक व तितकाच जोरही अधिक. पूर्वीच्या गाड्यांत पेडलपासून या झडपेपर्यंत लोखंडी तारेची केबल जात असे. पायानें पेडल दाबलें कीं केबल ओढली जाई व झडप उघडे. हल्लींच्या बहुतेक गाड्यांत ही केबल उरलेली नाहीं. पेडल किती दाबलें हें तेथील सेन्सर विजेच्या दाबाच्या रूपानें ईसीएम नांवाच्या संगणकाच्या पेटीस कळवितो. ती पेटी हिशेब करते आणि झडपेजवळील लहानशा मोटरीस हुकूम देते. झडप खरोखर किती उघडली, हें पेटीस कळविण्याकरितां झडपेवरही सेन्सर असतात.

येथें एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. सेन्सरनें खोटी बातमी दिली तर? पाय वर घेतला असतांही पेटीस वाटेल कीं पेडल दाबलेलेंच आहे, आणि गाडी उधळेल. म्हणून यंत्रकारांनीं एकाच साक्षीदारावर विसंबून न राहण्याचा नियम केला. पेडलवर दोन सेन्सर, झडपेवरही दोन. पुष्कळ गाड्यांत पेडल मोकळें असतां एक सेन्सर सुमारें ०.८ व्होल्ट सांगतो व दुसरा त्याच्या निम्मे, म्हणजे ०.४. पेडल पूर्ण दाबल्यावर हे आंकडे सुमारें ४ व २ होतात. झडपेवरील दोन सेन्सर बहुधा उलटसुलट चालतात. एकाचा दाब चढतो तेव्हां दुसऱ्याचा उतरतो, आणि दोहोंची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. पेटी सेकंदांत अनेक वेळां ही जुळणी पाहते. दोन साक्षींत विसंवाद दिसतांच ती क्षणाचाही विलंब न लावतां दिवा लावते, कोडाची नोंद करते आणि झडपेची मोकळीक काढून घेते. झडपेस एक स्प्रिंग असते. मोटरीची सत्ता गेली कीं ती झडपेस अगदीं थोडी उघडी ठेवते, म्हणजे गाडी निदान रांगत तरी सुरक्षित जागीं पोंचावी. यास मेकॅनिक लोक 'लिम्प मोड' म्हणतात. तेव्हां ओढ जाणें हा रोग नसून रोगापासून केलेला बचाव आहे, हें ध्यानांत ठेवावें.

दिव्यांची भाषाही समजली पाहिजे. तांबडा दिवा म्हणजे 'ताबडतोब थांब'. पिवळा म्हणजे 'लवकर लक्ष दे'. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा बहुतेक सर्व गाड्यांत असतो. थ्रॉटलच्या दोषासाठीं कांहीं कंपन्या पान्याचें, तर कांहीं विजेच्या कडाक्याचें चिन्ह निराळें देतात. इंजिनाचा दिवा एकसारखा जळण्याऐवजीं लुकलुकूं लागला, तर सिलिंडरमध्यें पेट्रोल नीट पेटत नाहीं असें समजून गाडी दामटूं नये.

घाटांत ओढ गेली असतां काय करावें? घाबरूं नये. इंजिन चालू आहे तोंवर ब्रेक व स्टिअरिंग यांस यंत्राचें साहाय्य मिळत असतें. म्हणून गाडी चालती असतांना किल्ली फिरवून इंजिन बंद करूं नये. चारही इशाऱ्याचे दिवे लावावे, डावी कड गांठावी, वळणाच्या तोंडाशीं थांबूं नये, हातब्रेक ओढावा, चाकामागें दगड लावावा आणि माणसांस डोंगराच्या बाजूस उतरवावें. निघतांना तो दगड रस्त्यावर टाकून जाऊं नये.

आतां कारणांकडे वळूं. दिवा थ्रॉटलचा लागला म्हणून थ्रॉटलच बिघडला, असा तर्क घाईचा होय. मधूनमधून येणाऱ्या दोषांत पहिला संशय जोडांवर व तारांवर घ्यावा. कपलरमध्यें शिरलेलें पाणी, पिनांवर चढलेला हिरवा गंज, सैल झालेली पिन, लोखंडावर घांसून उघडी पडलेली तार, इंजिनापासून बॉडीस जाणारी ढिली अर्थिंगची पट्टी, हीं नेहमींचीं कारणें होत. त्यानंतर अशक्त बॅटरी. विजेचा दाब घसरला कीं सेन्सरच्या साक्षीही डळमळूं शकतात. झडपेच्या कडेस काजळी जमून ती अडखळणें हें तिसरें. ब्रेकच्या पेडलवरील स्विच बिघडणें हें चौथें. पेडल व ब्रेक दोन्ही एकदम दाबले आहेत अशी पेटीची समजूत झाल्यास ती ब्रेकचा हुकूम श्रेष्ठ मानून ओढ कमी करते. सेन्सर अथवा मोटर झिजणें हें पांचवें. खुद्द पेटी बिघडणें हें अगदीं शेवटचें. दोष किती सूक्ष्म असूं शकतो याचें एक उदाहरण सांगतों. २०११ सालीं अमेरिकेंत मोटारींच्या अनपेक्षित वेगाविषयीं झालेल्या चौकशींत नासा या संस्थेच्या तंत्रज्ञांस कांहीं पेडलांच्या सेन्सरमध्यें कथिलाचे केसाहूनही बारीक तंतू वाढलेले आढळले. असा एक तंतूही दोन ठिकाणांमध्यें वीज वाहूं देण्यास पुरेसा होतो.

निदानाचा क्रम असा ठेवावा. पहिली गोष्ट ही कीं, कोड वाचण्यापूर्वीं तो पुसूं नये व बॅटरीची तारही काढूं नये. अमेरिकेंत १९९६ सालापासूनच्या मोटारींस, आणि आतां आपल्याकडील मोटारींसही, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचें एक सॉकेट असतें. त्यास स्कॅनर लावला कीं कोड वाचतां येतो. उदाहरणार्थ, पी २१३५ म्हणजे झडपेवरील दोन सेन्सर जुळत नाहींत, आणि पी २१३८ म्हणजे पेडलवरील दोन जुळत नाहींत. कोडाबरोबर पेटीनें त्या क्षणाचें एक टिपणही ठेवलेलें असतें: वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलें होतें, भार किती होता. ताप चढलेला असतां घेतलेल्या रक्ताच्या थेंबाइतकेंच हें टिपण मोलाचें आहे. तें पुसून टाकणें म्हणजे पुरावा जाळणें होय.

दुसरी गोष्ट बॅटरीची. इंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट आणि चालू असतां सुमारें १३.५ ते १४.५ व्होल्ट हें सामान्य प्रमाण. तिसरी गोष्ट, किल्ली चालू व इंजिन बंद ठेवून पेडल अगदीं सावकाश दाबावें आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरांचे आंकडे पाहावे. आंकडे चढावे ते जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें नव्हे, तर घाटाच्या रस्त्याप्रमाणें, न तुटतां. चौथी गोष्ट, आंकडे समोर ठेवून तारांचा जुडगा ठिकठिकाणीं हातानें हलवावा. जेथें हात लागतांच आंकडा उडी मारतो, तेथें दोष. पांचवी गोष्ट अर्थिंगची. येथें एक फसवणूक संभवते. तारेंतील अनेक केसांपैकीं एकच शाबूत असला, तरी मल्टिमीटर तार चांगली असल्याचें सांगतो; परंतु वीज वाहूं लागतांच तो एक केस पुरा पडत नाहीं. म्हणून तार वापरांत असतांनाच तिच्या दोन टोंकांमधील व्होल्टची घट मोजावी. अर्थिंगमध्यें ती ०.१ किंवा ०.२ व्होल्टहून अधिक नसावी. काजळी साफ करणें असल्यास तीही विचारानें करावी; झडप बोटानें जोरानें ढकलल्यास आंतील दांते मोडण्याचें भय असतें. हे सर्व झाल्यावरच नवा भाग विकत घेण्याची गोष्ट बोलावी.

आमच्या गाडीच्या बाबतींत नेमका हा क्रम उलटा झाला. कोड झडपेच्या सेन्सरांचा आला, म्हणून पांच आंकडी रक्कम खर्चून नवा थ्रॉटल बसविला. दोन आठवडे सर्व सुरळीत चाललें. आम्हांस वाटलें, दोष गेला. तिसऱ्या आठवड्यांत पुन्हां तोच दिवा. यावेळीं मामा कांहीं न बोलतां एक जुनी दोनरेघी वही घेऊन माझ्याकडे आले. पहिल्या प्रसंगापासून त्यांनीं प्रत्येक खेपेची नोंद ठेवली होती: तारीख, जागा, चढ कीं सपाटी, वळण कोणत्या हाताचें, पाऊस होता कीं नाहीं, आंत माणसें किती. एकूण नऊ नोंदी. मला स्वतःला पावसाचा संशय होता. परंतु नऊपैकीं चार दिवस कोरडे होते. उलट आठ नोंदी चढावरील होत्या, आणि त्या आठही उजव्या वळणाच्या.

ती वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं वही दोनदां वाचली; मग हत्यारास हात लावण्यापूर्वीं म्हणाले, "चढावर इंजिन आपल्या रबरांवर पीळ खातें. त्याबरोबर काय काय ओढलें जातें, तें पाहूं." स्कॅनर लावून त्यांनीं तारांचा जुडगा इंजिनाच्या मागील बाजूनें हलविण्यास आरंभ केला. एका ठिकाणीं आंकडा एकदम शून्याकडे धांवला. तेथें एका लोखंडी पट्टीच्या कांठावर घांसून एका तारेचें आवरण नाहींसें झालें होतें व आंतील तांबें हिरवें पडलें होतें. नवा थ्रॉटल बसवितांना जुडगा थोडा सरकला असावा. त्यामुळेंच मधले दोन आठवडे सुखाचे गेले. वीतभर नवी तार, डाख, वर आवरण आणि जुडग्यास पट्टीपासून दूर बांधणारी एक क्लिप, एवढाच काय तो उपाय झाला. त्यानंतर तीच गाडी तोच घाट अनेक वेळां चढली आहे. दिवा पुन्हां लागलेला नाहीं.

या प्रकरणांत आमची चूक यंत्रज्ञानाची नव्हती, तर्काची होती. 'दोष सांपडला नाहीं' या वाक्याचा अर्थ आम्ही 'दोष नाहीं' असा केला, आणि दोष नाहीं तर माणूसच दोषी असला पाहिजे, असें मनाशीं ठरवून टाकलें. विद्यार्थिमित्रहो, न सांपडणें आणि नसणें यांत फार मोठें अंतर आहे. जी गोष्ट आपल्यासमोर घडत नाहीं ती ज्याच्यासमोर घडते, त्याचें म्हणणें पुरावा म्हणून टिपून घ्यावें. त्यास खोटें ठरविण्याची घाई करूं नये. पेटीसुद्धां दोन साक्षीदार विचारल्यावांचून निर्णय देत नाहीं. आम्ही मात्र एकालाही नीट विचारलें नव्हतें.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशीं मीं मामांस शिक्षकांच्या खोलींत बोलावून सर्वांदेखत त्यांची क्षमा मागितली. ते संकोचले आणि म्हणाले, "सर, आतां वही बंद करूं ना?" मीं म्हटलें, "नाहीं मामा, ती चालूच ठेवा." शाळेनें त्यांस नवी, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन दिली आहे. ती गाडींत चालकाच्या आसनाशेजारीं असते, आणि तिच्यांत मामा आजही नोंद करतात.