इमॅक्युलाटा महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाचा, १९७२, १९७३ व १९७४ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारा संघ. ‘माइटी मॅक्स’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेस चेस्टर परगण्यातील हे महाविद्यालय धर्मभगिनींच्या एका संघाने १९२० मध्ये स्थापन केले. विजयाच्या काळात तेथील विद्यार्थिनींची संख्या पाचशेच्या आसपास होती.

बास्केटबॉलचा शोध १८९१ मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन हिने तो मॅसॅचूसेट्समधील स्मिथ महाविद्यालयात मुलींना शिकविला. तथापि स्त्रियांना अतिश्रम झेपणार नाहीत, या समजुतीने क्रीडांगणाचे भाग पाडून खेळाडूंना आपापल्या भागातच खिळवून ठेवण्यात आले. पाच खेळाडूंनी संपूर्ण क्रीडांगणावर खेळावयाचा नियम महिलांसाठी १९७१ मध्ये अधिकृतपणे लागू झाला. त्याच वर्षी महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. इमॅक्युलाटाचा उदय नेमका या संधिकाळातला. फिलाडेल्फियाच्या कॅथलिक माध्यमिक शाळांत मुलींचे सामने चुरशीने होत. त्यांत तयार झालेल्या खेळाडू या महाविद्यालयास आपसूक लाभल्या.

साधने मात्र तुटपुंजी होती. क्रीडागृह १९६७ मध्ये आगीत भस्मसात झाले होते. त्यामुळे सराव धर्मभगिनींच्या मठाच्या तळघरात चाले. खेळाडूंचा गणवेश लोकरी झग्याचा होता. प्रशिक्षिका कॅथी रश ही विशीतली तरुणी तुटपुंज्या मानधनावर काम करीत असे. १९७२ च्या विभागीय अंतिम सामन्यात शेजारच्या वेस्ट चेस्टर स्टेट महाविद्यालयाने या संघाचा ३२ गुणांनी पराभव केला. तरीही इलिनॉय राज्यात भरलेल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यास प्रवेश मिळाला. प्रवासखर्चासाठी दात घासण्याचे ब्रश विकून पैसे जमविण्यात आले व ते पुरेनात म्हणून आठच खेळाडू जाऊ शकल्या. अंतिम फेरीत पुन्हा वेस्ट चेस्टरशीच गाठ पडली आणि इमॅक्युलाटाने ५२–४८ असा विजय मिळविला. पुढील वर्षी तर हा संघ संपूर्ण हंगामात अपराजित राहिला. लोखंडी बादल्या बडवून संघास प्रोत्साहन देणाऱ्या धर्मभगिनी हे त्याच्या सामन्यांचे एक आकर्षणच होऊन बसले.

२६ जानेवारी १९७५ रोजी मेरिलंड विद्यापीठाविरुद्धचा सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचे असे हे पहिलेच प्रक्षेपण होय. तो सामना इमॅक्युलाटाने ८०–४८ असा जिंकला. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स महाविद्यालयाशी झालेल्या सामन्यास सुमारे बारा हजार प्रेक्षक होते. त्या क्रीडागृहातील महिलांचा हा पहिला महाविद्यालयीन सामना.

शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा १९७२ मध्येच संमत झाला होता. त्या सुमारास राष्ट्रीय संघटना क्रीडाशिष्यवृत्तीस विरोध करीत असे. फ्लॉरिडातील टेनिसपटू विद्यार्थिनींनी दावा लावल्यानंतर १९७३ मध्ये ही बंदी उठली. मोठी विद्यापीठे हळूहळू महिलांच्या संघांवर खर्च करू लागली. अशी शिष्यवृत्ती न देणाऱ्या इमॅक्युलाटास त्यांच्याशी स्पर्धा करणे अशक्य झाले. स्त्रियांच्या खेळाला ज्यामुळे मान मिळाला, त्यामुळेच लहान महाविद्यालयांची सद्दी संपली. मात्र इमॅक्युलाटाचा पाडाव केवळ धनवंतांनी केला, असे म्हणणे योग्य नव्हे. १९७५ व १९७६ च्या अंतिम सामन्यांत त्यास हरविणारे मिसिसिपीतील डेल्टा स्टेट हेही काही बडे विद्यापीठ नव्हते. लूसिया हॅरिस या उंच व असामान्य खेळाडूचे पाठबळ त्यास होते.

सात हंगामांत १४९ विजय व १५ पराभव अशी कामगिरी करून कॅथी रश १९७७ मध्ये निवृत्त झाली. संघाचा खरा वारसा त्याच्या खेळाडूंनी मोठ्या विद्यापीठांत नेला. मेरीअॅन क्रॉफर्ड स्टॅन्ली हिच्या मार्गदर्शनाखाली ओल्ड डोमिनियन विद्यापीठाने १९७९, १९८० व १९८५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, तर थेरेसा शँक ग्रेंट्झ हिच्या रटगर्झ संघाने १९८२ मध्ये महिला-संघटनेची अखेरची स्पर्धा जिंकली. त्याच सुमारास पुरुषांच्या राष्ट्रीय संघटनेने महिलांच्या स्पर्धाही आपल्याकडे घेतल्या व जुनी महिला-संघटना लयास गेली. रशचा २००८ मध्ये आणि संपूर्ण संघाचा २०१४ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल सन्मानगृहात समावेश करण्यात आला. महाविद्यालयास २००२ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला व २००५ पासून तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळू लागला.