दम आणि चेंडू

फुटबॉलच्या सामन्याचीं शेवटचीं दहा मिनिटें पाहावींत. आतांपर्यंत चेंडू अचूक देणारा मुलगा अकस्मात् तो प्रतिपक्षाच्या पायांत देऊं लागतो. कडेला उभे असलेले पालक ‘लक्ष कुठें आहे?’ म्हणून ओरडतात. आम्हीहि ओरडलों आहों. परंतु हा दोष पुष्कळदा लक्षाचा नसून दमाचा असतो.

स्नायूंना दीर्घकाळ शक्ति मिळते ती मुख्यतः प्राणवायूच्या साहाय्यानें. मोठा खेळाडू नव्वद मिनिटांत सुमारें १० किलोमीटर अंतर तोडतो, म्हणजे शिवाजीनगराहून निघून बालेवाडीच्या जवळपास पोंचतो. आणि तेंहि मधूनमधून वेगानें धांवत. (याच बालेवाडीस आपलें मैदान मानणाऱ्या पुणें एफ. सी. संघानें २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा क्रमांक मिळविला.) प्रत्येक वेगवान धांवेनंतर शरीर पूर्ववत् होण्यास प्राणवायूच लागतो. तो वेळेवर न पुरला, तर पुढचा चेंडू येतो तेव्हां श्वास ठिकाणावर नसतो, पाय जड असतो आणि पावलाचा अंदाज चुकतो.

मग नुसतें धांवून कसब येतें काय? नाहीं. नॉर्वेंतील तरुण खेळाडूंना आठ आठवडे, आठवड्यांतून दोनदां, चार-चार मिनिटांच्या चार जोरदार धांवा देण्यांत आल्या. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत त्यांचें सामन्यांतील धांवण्याचें अंतर शेंकडा २० नें वाढलें, वेगवान धांवा दुप्पट झाल्या, चेंडूशीं संबंधहि शेंकडा २४ नें अधिक आला. चेंडू मारण्याचें कौशल्य मात्र होतें तेवढेंच राहिलें. २००८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत खेळाडूंना मुद्दाम थकवून पास देण्यास लाविलें. चार आठवडे अशाच धांवा केलेल्यांची अचूकता थकव्यानंतर पूर्वीपेक्षां कमी ढळली. म्हणजे दम कसब देत नाहीं. आहे तें शेवटपर्यंत टिकवितो. चेंडूचा सराव वेगळा करावाच लागतो. धांवण्याच्या दिवशीं डोकें दुखणाऱ्या आमच्या कांहीं उत्तम खेळाडूंनीं हें ध्यानांत घ्यावें!

धांव पुरेशी जोराची आहे कीं नाहीं, हें ओळखण्यास यंत्र नको. पर्वतीच्या पायऱ्या धांवत चढून माथ्यावर एक लांब वाक्य बोलून पाहावें. तें मध्येंच तुटलें पाहिजे. आम्ही मुलांना चार मिनिटें धांववितों, तीन मिनिटें सावकाश चालूं देतों, असें चार वेळां. आणि शेवटच्या धांवेनंतर धापा टाकीत असतांनाच दहा पास द्यावयास सांगतों. पहिल्या दिवशीं दहांतले चार सरळ गेले तरी आम्ही रागावत नाहीं. ज्या पाल्यास धांवतांना छातींत दुखतें किंवा घेरी येते, त्यास मात्र पालकांनीं प्रथम डॉक्टरांस दाखवावें.